एक्सएफएसमधला बफर लॉग आयटम: कोण धरतं, कोण सोडतं

लिनक्स कर्नलमधल्या एक्सएफएस फाइलसिस्टमचा कोड वाचायला घेतला की ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण व्हायला हवेत अशा बदलांचा गठ्ठा) समजतं, बफर समजतो, लॉग म्हणजे काय तेही कळतं. या तिघांना जोडणारं एक लहानसं स्ट्रक्चर मात्र नवख्या माणसाला हमखास अडवतं: बफर लॉग आयटम. तो तयार कुठे होतो हे सापडतं, पण तो फ्री नेमका कोण करतं, हे एका फंक्शनकडे बोट दाखवून सांगता येत नाही. एक थ्रेड त्याला जन्म देतो, दुसरा त्यातला मजकूर लॉगमध्ये पोचवतो, तिसरा बफर डिस्ककडे ढकलतो आणि आयओ पूर्ण झाल्यावर चौथाच कुणीतरी तो मोडीत काढतो. या प्रवासात एका ठिकाणी हिशेब चुकला तर फ्री झालेल्या मेमरीला हात लागतो, नाहीतर अनमाउंट कायमचं लटकतं. दोन्ही चुका शोधायला आठवडे जातात, म्हणून हे आयुष्य एकदा शांतपणे, पायरीपायरीने समजून घेणं मला फार मोलाचं वाटतं.

फंक्शनची नावं इथे देवनागरीत, सुरुवातीचं 'एक्सएफएस' गाळून लिहिली आहेत. कोडमध्ये शोधताना ते पुन्हा जोडा आणि शब्दांमध्ये अंडरस्कोअर घाला. बहुतेक सगळं कर्नलच्या 'एफएस' फोल्डरखाली 'एक्सएफएस' नावाच्या फोल्डरमध्ये, 'बफ आयटम' आणि 'ट्रान्स बफ' या दोन फाइलींत मिळेल.

आधी कीर्द, मग खतावणी

जुन्या पद्धतीच्या दुकानात व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत लागायचा. खतावणीत त्या त्या खात्याच्या पानावर तो सवडीने उतरवला जायचा. दिवसाच्या मध्येच काही गडबड झाली, तरी कीर्द शाबूत असेल तर खतावणी पुन्हा उभी करता यायची. जर्नलिंग फाइलसिस्टम नेमकं हेच करते. लॉग ही कीर्द आणि डिस्कवरचे मेटाडेटाचे, म्हणजे फाइलसिस्टमच्या स्वतःच्या नोंदींचे, मूळ ब्लॉक ही खतावणी. नियम एकच: कीर्दीत नोंद पक्की झाल्याशिवाय खतावणीला हात लावायचा नाही.

बफर म्हणजे खतावणीचं मेमरीत आणलेलं एक पान. बफर लॉग आयटम म्हणजे त्या पानाला डकवलेली चिठ्ठी: पानावर कुठे कुठे बदल झाला, तो कीर्दीत गेला का, खतावणीत उतरला का. ही चिठ्ठी ट्रान्झॅक्शनपेक्षा जास्त जगते. ट्रान्झॅक्शन कमिट होऊन गेलं तरी चिठ्ठी पानावर असतेच, आणि तिच्या आयुष्याचा अवघड भाग तिथूनच सुरू होतो.

एक्सएफएस मूळची सिलिकॉन ग्राफिक्सची. 1994 मध्ये ती आयरिक्स 5.3 सोबत आली, 2002 मध्ये लिनक्सच्या 2.5.36 आवृत्तीत दाखल झाली आणि 2014 च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 7 पासून तिथली डिफॉल्ट फाइलसिस्टम झाली. आज दिसणारी लॉगची रचना मात्र बरीच नंतरची आहे. डिलेड लॉगिंग, म्हणजे बदल आधी मेमरीत साठवून मग एकत्र लॉगमध्ये लिहिणं, 2010 मध्ये 2.6.35 मध्ये प्रयोग म्हणून आलं आणि 2011 मध्ये 2.6.39 पासून डिफॉल्ट झालं. त्याआधीचं एखादं जुनं वर्णन हाती लागलं तर कमिटच्या वेळी काय घडतं ते त्यात वेगळं दिसेल, गोंधळू नका.

पायरी 1: तीन आकडे वेगळे ओळखा

कोड वाचण्याआधी हे तीन आकडे डोक्यात पक्के बसवा.

पहिला, बफरचा होल्ड काउंट. हा बफरच्या मेमरीचा हिशेब. तो शून्याच्या वर असेपर्यंत बफर फ्री होत नाही.

दुसरा, आयटमचा स्वतःचा रेफकाउंट, म्हणजे किती 'हात' तो धरून आहेत त्याचा आकडा. हा बफरचा नव्हे, चिठ्ठीचा.

तिसरा, पिन काउंट. हा बफरवर असतो आणि 'या पानावरचा बदल अजून कीर्दीत पक्का झालेला नाही, पान डिस्कवर लिहू नका' असं सांगतो.

नवीन माणसाची पहिली चूक इथेच होते. होल्ड आणि रेफकाउंट एकच समजून तो कोड वाचत जातो आणि मग काहीच जुळत नाही. आयटम बफरवर एक होल्ड धरून असतो, म्हणजे चिठ्ठी आहे तोवर पान फाडलं जात नाही. उलट दिशेला बफरकडे आयटमचा नुसता पॉइंटर असतो, रेफरन्स नसतो.

पायरी 2: जन्म

ट्रान्झॅक्शनला एखादा मेटाडेटा ब्लॉक हवा असला की ते 'ट्रान्स रीड बफ' किंवा 'ट्रान्स गेट बफ' बोलावतं. बफर लॉक होऊन हातात येतो आणि मग 'ट्रान्स बीजॉइन'चं काम चालतं. त्यात 'बफ आयटम इनिट' आधी पाहतं की या बफरला चिठ्ठी आहे का. असली तर तीच वापरली जाते. नसली तर नवी तयार होते, बफरवर एक होल्ड घेते आणि बफरच्या पॉइंटरला जोडली जाते.

जन्मताना आयटमचा रेफकाउंट शून्य असतो. पुढच्याच ओळीत 'बीजॉइन' तो एकने वाढवतं. हा ट्रान्झॅक्शनचा हात.

त्याच ट्रान्झॅक्शनने तोच बफर पुन्हा मागितला तर रेफकाउंट वाढत नाही. आयटममध्ये पुनरावृत्तीचा एक वेगळा आकडा आहे, तो वाढतो. एका ट्रान्झॅक्शनचा आयटमवर एकच हात, मग त्याने बफर कितीदाही मागो. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे.

पायरी 3: बदल नोंदवणं

बफरमध्ये बदल केल्यावर 'ट्रान्स लॉग बफ'ला कुठून कुठपर्यंतचे बाइट बदलले ते सांगायचं. एक्सएफएस अख्खा बफर लॉगमध्ये लिहीत नाही. बफरचे 128 बाइटांचे तुकडे धरले जातात आणि आयटममधल्या बिटमॅपमध्ये प्रत्येक तुकड्याला एक बिट असतो. 4096 बाइटांच्या बफरचे 32 तुकडे होतात, म्हणजे सगळा हिशेब 32 बिटांच्या एकाच शब्दात मावतो. एक बाइट बदलला तरी 128 बाइट लॉगमध्ये जातात.

इथे आयटमवर दोन फ्लॅग लागतात, 'डर्टी' आणि 'लॉग्ड', आणि त्यांची आयुष्यं वेगळी आहेत. 'लॉग्ड' फक्त या ट्रान्झॅक्शनपुरता. कमिट झालं की पुसला जातो. 'डर्टी' मात्र बफर डिस्कवर लिहिला जाईपर्यंत टिकतो. बिटमॅपही तसाच टिकतो. दुसऱ्या ट्रान्झॅक्शनने तोच बफर पुन्हा बदलला तर नवे बिट जुन्यांत मिसळतात आणि लॉगमध्ये जुने-नवे सगळे तुकडे पुन्हा जातात. म्हणूनच नवी नोंद लॉगमध्ये पुढे लागली की जुनीची गरज उरत नाही आणि लॉगची मागची जागा मोकळी करता येते.

पायरी 4: कमिट आणि पिन

कमिट झालं म्हणजे डिस्कवर लिहिलं गेलं, अशी समजूत असेल तर ती इथे सोडून द्या. कमिटच्या वेळी आयटममधला बदललेला मजकूर मेमरीतच वेगळा उतरवून घेतला जातो आणि आयटम सीआयएल नावाच्या यादीत जातो: कमिट झालेल्या, पण अजून लॉगमध्ये न लिहिलेल्या आयटमांची यादी. यादीत शिरताना त्याला पिन लागते. 'बफ आयटम पिन' तीन आकडे एकदम वाढवतं: आयटमचा रेफकाउंट, बफरचा पिन काउंट आणि बफरचा होल्ड.

यानंतर ट्रान्झॅक्शन आपला हात काढून घेतं. 'बफ आयटम रिलीज' रेफकाउंट एकने उतरवतं, बफर अनलॉक करतं आणि ट्रान्झॅक्शनचा बफरवरचा होल्डही सुटतो. क्रम पाहा, आधी पिनचा हात पडतो आणि मगच ट्रान्झॅक्शनचा सुटतो. मध्ये असा एकही क्षण येत नाही जेव्हा डर्टी आयटम कुणाच्याच हातात नाही.

पिन ट्रान्झॅक्शनमागे एक नसते, चेकपॉइंटमागे, म्हणजे यादीतले आयटम एकत्र लॉगमध्ये लिहिण्याच्या एका खेपेमागे, एक असते. एकाच चेकपॉइंटमध्ये शंभर ट्रान्झॅक्शननी तोच बफर बदलला तरी पिन एकच. पण पहिला चेकपॉइंट लॉगकडे निघाला आहे आणि दरम्यान नव्या चेकपॉइंटमध्ये बफर पुन्हा कमिट झाला, तर पिन काउंट दोन होतो. ट्रेसमध्ये तो दोन दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही.

बफर कमिटनंतरही लॉक केलेला हवा असेल, म्हणजे ट्रान्झॅक्शन पुढच्या टप्प्यावर न्यायचं असेल, तर कमिटआधी 'ट्रान्स बीहोल्ड' करायचं आणि नव्या ट्रान्झॅक्शनमध्ये पुन्हा 'बीजॉइन'. 'बीहोल्ड'चा फ्लॅगही कमिटला पुसला जातो, म्हणून प्रत्येक टप्प्याला तो नव्याने लावावा लागतो. एकदा लावला आणि विसरून गेलं असं चालत नाही.

पायरी 5: एआयएल, जिथे बहुतेक जण घसरतात

चेकपॉइंटचा मजकूर लॉगमध्ये लिहून झाला की कीर्द पक्की झाली. आता त्यातला प्रत्येक आयटम एआयएलमध्ये जातो. ही खतावणीत उतरवायच्या राहिलेल्या पानांची यादी, लॉगमधल्या स्थानानुसार क्रमाने लावलेली. ते स्थान 64 बिटांचं असतं: वरच्या 32 बिटांत लॉगचा कितवा फेरा (लॉगची जागा गोल फिरून पुन्हा वापरली जाते), खालच्या 32 बिटांत त्या फेऱ्यातला ब्लॉक. यादीतला सर्वांत जुना आयटम ठरवतो की लॉगची शेपटी कुठवर पुढे सरकू शकते. एआयएलमध्ये घातल्यावर लगेच 'बफ आयटम अनपिन' होतं: रेफकाउंट एकने खाली, पिन काउंट एकने खाली, आणि पिनेने घेतलेला होल्डही परत.

या क्षणी आकडे मोजा. ट्रान्झॅक्शनचा हात कमिटला सुटला, पिनचा आत्ता सुटला. रेफकाउंट शून्य. आणि तरीही आयटम जिवंत आहे, एआयएलमध्ये बसला आहे, कारण एआयएल आयटमवर रेफरन्स धरत नाही.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती ढिलाईच वाटली. रेफकाउंट शून्य म्हणजे मृत, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. बरेच दिवस कोड वाचल्यावर त्यामागची शिस्त दिसली, आणि ती सुंदर आहे. आयटमचा रेफकाउंट दोनच गोष्टींचा बनतो: सध्या बफर धरून असलेल्या ट्रान्झॅक्शनचा एक, अधिक प्रत्येक पिनेचा एक. ट्रान्झॅक्शन बफर धरतं तेव्हा लॉकही धरतं. बफर डिस्कवर लिहायचा तर लॉक मिळायला हवा आणि पिन शून्य हवी. म्हणजे लिहिण्याचं काम चालू असताना ट्रान्झॅक्शनचा हात नाही, पिनचाही नाही, रेफकाउंट शून्यच. आयओ पूर्ण झाल्यावर आयटम निर्धास्त फ्री करता येतो. एआयएलला वेगळा हात धरायची गरजच उरत नाही. बफरचा लॉक आणि पिन मिळून ते काम करतात.

या रचनेची किंमत 'अनपिन'मध्ये मोजावी लागते. आयटम तोवर एआयएलमध्ये गेलेला असतो आणि अनपिन करणाऱ्याकडे बफरचा लॉक नसतो. पिन काउंट शून्य झाला रे झाला की पार्श्वभूमीतला एआयएलचा थ्रेड बफर लॉक करू शकतो, लिहू शकतो, आयओ संपू शकतो आणि आयटम फ्री होऊ शकतो, तेही अनपिनची पुढची ओळ चालायच्या आत. म्हणून आयटममधून जे वाचायचं ते पिन उतरवण्याआधी वाचून घ्यायचं, आणि पुढे बफर लागणार असेल तर त्याचा होल्डही आधीच घेतलेला हवा. शटडाउनच्या, म्हणजे चूक आल्यावर फाइलसिस्टम स्वतःला बंद करते त्या, वाटेवर हा होल्ड आधी न घेतल्यामुळे एक खरी शर्यत (दोन थ्रेडांपैकी आधी कोण पोचतं यावर ठरणारी चूक) शिल्लक होती. तिची पहिली दुरुस्ती 2021 मध्ये झाली; 2023 पासून हा होल्ड पिन लावतानाच घेतला जातो. 'बफ आयटम अनपिन'मधली त्याबद्दलची टिप्पणी सावकाश वाचा. या विषयावर मला त्याहून नेमकं लिहिलेलं काही सापडलेलं नाही.

पायरी 6: शेवट, सरळ वाटेने

एआयएलचा थ्रेड आयटमवर 'पुश' करतो. बफर पिन असेल तर तसं कळवून पुढे जातो. लॉक मिळाला नाही तरी पुढे जातो. दोन्ही जमलं तर बफर लिहायच्या रांगेत लागतो आणि रांग स्वतःचा एक होल्ड घेते. आयओ संपल्यावर 'बफ आयटम डन' आयटमला एआयएलमधून काढतं, बफरपासून सोडवतं, फ्री करतं आणि आयटमने जन्मताना घेतलेला होल्ड परत देतं. चिठ्ठी फाटली. पान कॅशमध्ये राहील किंवा जाईल, तो आता कॅशचा प्रश्न.

पायरी 7: आडवाटा

*काहीच बदललं नाही.* ट्रान्झॅक्शनने बफर वाचला आणि 'ट्रान्स बीरिलीज'ने परत दिला. 'बफ आयटम पुट' रेफकाउंट उतरवतं. शेवटचा हात असेल आणि आयटम स्वच्छ असेल तर तो तिथेच फ्री होतो. पण तो आधीच्या कुठल्या ट्रान्झॅक्शनमुळे डर्टी असेल, तर शेवटचा हात सुटूनही फ्री करायचा नाही. ते काम डिस्कवर लिहिणाऱ्याचं. ही सगळी वाटणी 2018 मध्ये 'पुट' या एका फंक्शनमध्ये आणली गेली, त्याआधी ती ठिकठिकाणी विखुरलेली होती. आयुष्याचे नियम एका नजरेत पाहायचे असतील तर सुरुवात याच फंक्शनपासून करा. जेमतेम पडदाभर कोड आहे.

*ब्लॉकच मोकळा झाला.* उदाहरणार्थ बी-ट्रीचा एक ब्लॉक नको झाला. मग 'ट्रान्स बीइनव्हॅल' बफरला शिळा ठरवतं आणि लॉगमध्ये 'रद्द'ची खूण जाते. हिचं महत्त्व कमी लेखू नका. तो ब्लॉक उद्या कुणाच्या तरी फाइलीला मिळेल. नंतर मशीन बंद पडून लॉग पुन्हा चालवला गेला आणि ब्लॉकचा जुना मेटाडेटा त्यात सापडला, तर त्या माणसाच्या डेटावर तो उमटेल. म्हणून रिकव्हरी लॉगवरून दोनदा फिरते: पहिल्या फेरीत रद्द खुणा गोळा करते, दुसऱ्या फेरीत त्या ब्लॉकांच्या जुन्या नोंदी गाळते. शिळ्या बफरचं आयुष्यही वेगळं असतं. कमिटनंतर तो अनलॉक होत नाही. शेवटची पिन निघेपर्यंत तो लॉकच राहतो, आणि एआयएलमधून काढणं, आयटम फ्री करणं, बफर सोडणं ही सगळी कामं शेवटच्या अनपिनवर येतात.

*शटडाउन.* लॉग लिहिताना चूक आली, किंवा डर्टी ट्रान्झॅक्शन रद्द करावं लागलं, तर फाइलसिस्टम स्वतःला बंद करते. आता कुठलाच आयटम नेहमीच्या वाटेने डिस्कवर पोचणार नाही, तरी प्रत्येक फ्री तर व्हायलाच हवा. इथे 'पुट' डर्टी आयटमलाही एआयएलमधून काढून फ्री करतं, आणि अनपिनमध्ये शेवटचा हात सुटला तर आयओ फसल्याचं नाटक करून नेहमीच्या शेवटच्या रस्त्यानेच आयटम नेला जातो. सगळ्यांत जास्त बग इथे सापडतात, कारण हा रस्ता रोजच्या वापरात कुणी तुडवत नाही.

पायरी 8: डोळ्यांनी पाहा

वाचून हे अर्धंच कळतं. एका व्हर्च्युअल मशीनमध्ये 1 जीबीची रिकामी फाइल करा, तिच्यावर 'एमकेएफएस डॉट एक्सएफएस' चालवा आणि लूप डिव्हाइसने माउंट करा. 'ट्रेस-सीएमडी'ला 'एक्सएफएस बफ आयटम'ने सुरू होणारे सगळे इव्हेंट नोंदवायला सांगा. मग एक डिरेक्टरी करा, 'सिंक' द्या आणि मिनिटभर थांबा.

बहुतेक ओळींत ब्लॉक नंबर, आयटमचा रेफकाउंट, बफरचा होल्ड आणि पिन काउंट शेजारी शेजारी दिसतात. एकच ब्लॉक नंबर निवडा आणि त्याचा माग काढा: पिन, रिलीज, मग 'सिंक'मुळे अनपिन. 'पुश' लगेच येत नाही, कारण 'सिंक'ला कीर्द पक्की करायची असते, खतावणी नंतर उतरली तरी चालते. मशीन निवांत असेल तर साधारण 30 सेकंदांनी उठणारा लॉगचा कामगार एआयएलला ढकलतो आणि तेव्हा 'पुश' दिसतो. प्रत्येक ओळीपाशी थांबून आधी कागदावर आकडे लिहा आणि मग ट्रेसशी ताडून पाहा. माझा स्वतःचा गोंधळ या कागदाने फेडला.

नंतर शटडाउन करून बघा. 'एक्सएफएस आयओ'च्या एक्स्पर्ट मोडमध्ये त्यासाठीची कमांड आहे. फक्त टाकाऊ मशीनवरच वापरा.

पायरी 9: पॅच लिहिताना

बदल करण्याआधी प्रत्येक ओळीला विचारायचे प्रश्न हे. या ओळीला बफर लॉक आहे का? लॉक नसेल तर आयटम जिवंत ठेवणारी पिन कुणाची? मी हात सोडल्यावर आयटमचा पॉइंटर खाली कुठे वापरतोय का? 'पुट'ने आयटम फ्री झाल्याचं सांगितलं तर त्यानंतर बफर कोण अनलॉक करणार आहे? यातल्या एकाचं जरी उत्तर 'बहुधा' असं आलं, तर पॅच अजून तयार नाही.

चाचणीसाठी कर्नल एक्सएफएसच्या डीबग पर्यायासह आणि केएएसएएन चालू ठेवून बांधा. पहिल्यामुळे असर्ट, म्हणजे कोडमध्येच पेरलेल्या तपासण्या, जागे होतात, दुसऱ्यामुळे फ्री झालेल्या मेमरीला लागलेला हात तिथल्या तिथे पकडला जातो. मग एफएसटेस्ट्स संचातली जेनेरिक 475 क्रमांकाची चाचणी चालवा. ती फाइलसिस्टमवर भार टाकून खालची डिस्क मध्येच नापास करते, पुन्हा माउंट करून लॉग चालवते, आणि हे वारंवार करत राहते. शर्यतीचे बग एका फेरीत दिसत नाहीत, म्हणून ती एकदा पास झाली यावर थांबू नका. रात्रभर लूपमध्ये लावा, आणि सकाळी कर्नलचा लॉग वाचताना अनमाउंटपाशी अडकलेला एखादा थ्रेड आहे का तेही तपासा, कारण चुकून फ्री न झालेला आयटम ओरडत नाही, तो नुसता एआयएलमध्ये बसून राहतो.